ऑनलाइन दुकानाला पेमेंट गेटवे जोडताना: नागपूरच्या दुकानदारांचे नेहमीचे प्रश्न

गांधीबागेतलं साड्यांचं दुकान असो, महालातला सावजी मसाला असो की बेशातल्या ताईंचा घरगुती फराळ, वेबसाइट तयार झाली की पुढचे प्रश्न सगळीकडे सारखेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. जिथे लोक जास्त अडकतात तिथे उत्तर लांबलं आहे.

दुकानात क्यूआर कोड लावलाच आहे. त्याचाच फोटो वेबसाइटवर टाकला तर नाही का चालत?

दिवसाला चार-पाच ऑर्डर असतील तोवर चालतं. पुढे नाही.

समजा, एका संध्याकाळी ३४९ रुपयांच्या मसाल्याच्या सहा ऑर्डर आल्या. बँकेचे सहा मेसेज आले, सगळे ३४९ चेच. ऑर्डर काकूंच्या नावावर आहे, पैसे मुलाच्या खात्यातून आलेत. एकाने ३४० च पाठवले. एकाने व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकला, पण खात्यात काहीच नाही. आता रात्री बसून कोणाचं पाकीट भरायचं आणि कोणाला फोन करायचा, ते तुम्ही ठरवायचं. हुबेहूब खरे दिसणारे खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप फिरत आहेत, तेव्हा स्क्रीनशॉट हा पुरावा धरूच नका.

गेटवे नेमकं हेच काम करतो. प्रत्येक ऑर्डरचा नंबर आणि त्यासाठी आलेले पैसे तो एकमेकांना बांधून देतो आणि तुमच्या वेबसाइटला परस्पर कळवतो. पैसे घ्यायला क्यूआर पुरतो. कोणत्या ऑर्डरचे पैसे आले हे सांगायला गेटवे लागतो. खालची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

म्हणजे आमचे पैसे आधी दुसऱ्याच कंपनीकडे जातात?

हो. कळमन्याच्या अडत्यासारखं समजा: खरेदीदाराचे पैसे आधी त्याच्याकडे, मग आपली दलाली कापून उरलेले तुमच्याकडे. फरक इतकाच की या अडत्यावर रिझर्व्ह बँकेची नजर असते. १७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे दुकानदारांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या अशा गेटवे कंपन्यांसाठी, नियम काढले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते नव्याने एकत्र करून जारी केले. त्यानुसार बँक सोडून इतर ॲग्रिगेटर कंपन्यांना परवाना लागतो आणि दुकानदारांचे पैसे त्यांना स्वतःच्या खात्यात नाही, तर बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो (फक्त दुकानदारांच्या पैशासाठी राखलेल्या) खात्यात ठेवावे लागतात. परवाना मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. 'आम्ही अर्ध्या टक्क्यात करून देतो' म्हणत कोणी दुकानात आलं, तर आधी त्या यादीत नाव बघा.

कोणता गेटवे घ्यावा?

रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीॲव्हेन्यू, फोनपे, पेटीएम ही नेहमीची नावं. लहान दुकानासाठी यांच्या दरांत फार मोठं अंतर नसतं, म्हणून फक्त दर बघून ठरवू नका. तुमची वेबसाइट ज्यावर बनली आहे त्यासाठी त्या गेटवेचं प्लगिन (वेबसाइटला गेटवे जोडणारा तयार प्रोग्रॅम) आहे का, ते नियमित अपडेट होतं का, आणि अडचण आली तर माणूस बोलतो की नुसता चॅटबॉट, हे तपासा. खातं उघडण्याआधीच सपोर्टला एक प्रश्न पाठवून बघा. पैसे अडकल्यावर ते कसे वागतील याचा अंदाज तिथेच येतो.

यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ परदेशी असतात, त्यात स्ट्राइप आणि पेपाल जोडून दाखवतात. त्यामागे वेळ घालवू नका. पेपालने भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. स्ट्राइपनेही २०२४ पासून भारतात नवे दुकानदार फक्त निमंत्रणावर घेणं सुरू केलं.

एका ऑर्डरमागे किती कटतात?

बहुतेकांचा जाहीर दर २ टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. १,००० रुपयांची ऑर्डर घ्या: फी २० रुपये, त्यावर जीएसटी ३ रुपये ६० पैसे. तुमच्या हातात ९७६ रुपये ४० पैसे. ३४९ च्या मसाल्यावर हातात येतात साधारण ३४० रुपये ७६ पैसे. ईएमआय, 'आता घ्या, नंतर द्या', कॉर्पोरेट कार्ड आणि परदेशी कार्ड यांचा दर याहून जास्त असतो. दरपत्रकात खाली बारीक अक्षरात तेच लिहिलेलं असतं, तेवढं वाचाच. सेटअप फी किंवा वार्षिक फी मागत असतील, तर लहान दुकानाने सरळ दुसरीकडे बघावं. ती न घेणारे पुष्कळ आहेत.

पण यूपीआय तर फुकट आहे ना?

अर्धं खरं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर एमडीआर शून्य आहे. एमडीआर म्हणजे बँका दुकानदाराकडून कापतात तो भाग. पण गेटवे स्वतःच्या सेवेची फी वेगळी लावू शकतो आणि बरेच लावतात. म्हणून 'यूपीआयवर तुमची एकूण फी किती' असं लेखी विचारा. 'एमडीआर किती' असं विचारलंत तर शून्य असं उत्तर मिळेल आणि महिनाअखेरीस बिल वेगळंच दिसेल. यूपीआयला जोडलेल्या क्रेडिट कार्डाचा हिशेब तर साध्या यूपीआयपेक्षा निराळा असतो, तेही याच पत्रात विचारून घ्या.

नागपुरातल्या लहान दुकानांच्या ऑर्डरी बहुतांश यूपीआयवरूनच येतात. त्यामुळे या एका ओळीतली सूट कार्डावरच्या सुटीपेक्षा जास्त कामाची. घासाघीस करायची तर इथे करा.

मग हे दोन टक्के ग्राहकाच्याच बिलात लावून टाकू का?

लावू नका. डेबिट कार्डाचा एमडीआर दुकानदाराने ग्राहकावर टाकू नये असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे, आणि यूपीआयवर तर एमडीआरच शून्य आहे. शिवाय शेवटच्या पानावर बिल अचानक वाढलेलं दिसलं की ग्राहक तिथूनच परत जातो. खर्च भावातच धरा.

आमची वेबसाइट शॉपिफायवर आहे. तिथे वेगळी फी दाखवून राहिले, ती कशाची?

शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात उपलब्ध नाही. त्यामुळे इथे कुठलाही गेटवे जोडला तरी तो त्यांच्या लेखी 'तिसरा पक्ष', आणि त्याबद्दल शॉपिफाय आपली वेगळी फी घेतं. बेसिक प्लॅनवर ही फी २ टक्के, वरच्या प्लॅनवर कमी. म्हणजे १,००० च्या ऑर्डरवर गेटवेचे २३ रुपये ६० पैसे आणि शॉपिफायचे २० वेगळे. वर महिन्याचं भाडं आहेच. दुकान जोरात चालत असेल तर ही रक्कम सोयीची किंमत म्हणून सोसवते. महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डर असतील तर वूकॉमर्सचा (वर्डप्रेसच्या वेबसाइटवर दुकान चालवणारं प्लगिन) विचार करा. तिथे अशी फी नाही, पण होस्टिंग आणि देखभाल तुमच्या गळ्यात.

कागदपत्रं काय लागतात?

पॅन, आधार, बँक खात्याचा पुरावा म्हणून रद्द केलेला चेक किंवा स्टेटमेंट, आणि धंद्याचा पुरावा म्हणून गुमास्ता, उद्यम किंवा जीएसटी यांपैकी काहीतरी. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा नंबरही मागतात.

गुमास्त्याबद्दल: २०१७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात दहापेक्षा कमी (२०२५ च्या बदलानंतर वीसपेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी दाखला लागत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती मिळते आणि तीच चालते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. गूगलवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या नावांची खाजगी पानं वर येतात आणि हजार-दोन हजार मागतात. तिथे एक रुपयाही देऊ नका.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावरून. पॅनवर आडनाव शेवटी, बँकेत आधी. पॅनवर माहेरचं नाव, खात्यावर सासरचं. गेटवे तुमच्या खात्यात एक रुपया टाकून खातेदाराचं नाव तपासतो आणि दोन्ही नावं जुळली नाहीत की अर्ज तिथेच थांबतो. आधी नाव दुरुस्त करा, मग अर्ज करा. उलट क्रमाने केलं की महिना जातो.

बचत गटाचं दुकान असेल तर गटाच्या नावाचं पॅन आणि गटाचंच खातं द्या. 'तोवर अध्यक्ष ताईंच्या खात्यात घेऊ' ही सोय पुढे भांडणाचं मूळ होते, आणि ती सगळी उलाढाल ताईंच्या वैयक्तिक उत्पन्नासारखी दिसते ते वेगळंच.

कागदं बरोबर होती, तरी 'वेबसाइट अपूर्ण' म्हणून अर्ज परत आला.

गेटवेवाले वेबसाइट उघडून बघतात. त्यांना पाच पानं हवी असतात: अटी, गोपनीयता, परतावा आणि रद्द करण्याचे नियम, माल पाठवण्याचे नियम, आणि संपर्क. संपर्काच्या पानावर खरा पत्ता आणि चालू फोन पाहिजे. वस्तूंना भाव लिहिलेले पाहिजेत; 'किमतीसाठी मेसेज करा' चालत नाही. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचललेली पानं तर लगेच ओळखू येतात. नागपूरच्या दुकानाच्या पानावर 'वाद झाल्यास बंगळुरूचं न्यायालय' असं लिहिलेलं पाहिलं आहे.

२०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात. लहान दुकानात हा अधिकारी म्हणजे तुम्हीच, तरी नाव लिहा.

जीएसटी नंबर नाही. गेटवे मिळेल का?

बहुतेक ठिकाणी मिळतो. खरा प्रश्न गेटवेचा नाहीच, माल कुठे पाठवता त्याचा आहे. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्या राज्यात माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना तेवढी सवलत आहे. आपल्याला ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त जाचते. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, तिथले ग्राहक बर्डीला खरेदीला येतात, पण राज्य दुसरं. नोंदणी होईपर्यंत वेबसाइटच्या सेटिंगमध्ये माल पाठवण्याचं क्षेत्र फक्त महाराष्ट्र ठेवा. गेटवे ऑर्डर अडवणार नाही, ते वेबसाइटलाच अडवावं लागतं. तुमच्या वस्तूचं नेमकं काय, ते सीएला विचारा.

वूकॉमर्सला जोडायचं कसं?

प्लगिन टाका, वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये पेमेंटच्या भागात गेटवे चालू करा, गेटवेच्या डॅशबोर्डवरून दोन किल्ल्या (अक्षर-आकड्यांचे लांब कोड) आणून तिथे भरा. एक किल्ली उघडी, दुसरी गुप्त. गुप्त किल्ली व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवायची नाही, अगदी वेबसाइट बनवणाऱ्या भावालाही नाही. त्याला डॅशबोर्डवर वेगळा लॉगिन द्या. काम संपलं की तो काढा. नंतर वेबहूकचा, म्हणजे गेटवेने पैशांचा निरोप तुमच्या वेबसाइटला परस्पर जिथे द्यायचा तो, पत्ता गेटवेच्या डॅशबोर्डवर भरा. ही पायरी लोक सोडतात, कारण तिच्याशिवायही पहिली ऑर्डर व्यवस्थित जाते.

वेबसाइट हाताने कोड लिहून बनवली असेल तर डेव्हलपरला दोन गोष्टी विचारा. रक्कम पैशात पाठवतोस ना? बऱ्याच गेटवेंना ३४९ रुपये म्हणजे ३४९०० असं सांगावं लागतं; नुसतं ३४९ लिहिलं तर ग्राहकाचे साडेतीन रुपये कटतात आणि ऑर्डर पक्की होते. आणि पैसे भरल्याची खात्री ग्राहकाच्या ब्राउझरवरून करतोस की सर्व्हरवर गेटवेची डिजिटल सही तपासून? 'ब्राउझरवरून' हे उत्तर आलं तर वेबसाइट सुरू करू नका. पत्त्याच्या पट्टीत थोडा फेरफार करून कोणीही फुकट ऑर्डर पक्की करू शकेल.

'माझे पैसे कटून राहिले, पण तुमच्याकडे ऑर्डरच दिसत नाही' असे फोन येतात. हे काय होतं?

गेटवे जोडल्यावर सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रश्न हाच.

ग्राहक यूपीआय ॲपमध्ये पिन टाकतो. पैसे कटतात. आता त्याने परत तुमच्या पानावर यायला पाहिजे, म्हणजे वेबसाइट ऑर्डर पक्की करेल. पण मध्येच फोन येतो, नेट जातं, मेट्रोत रेंज जाते, किंवा 'झालं बा' म्हणून तो ॲप बंद करून मोकळा होतो. पान परत उघडतच नाही. बँकेला वाटतं झालं, ग्राहकाला वाटतं झालं, तुमच्या वेबसाइटला मात्र पत्ता नाही.

वेबहूक यासाठीच असतो. ग्राहक परत आला नाही तरी गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो की अमुक ऑर्डरचे पैसे जमा झाले. तो चालत नसेल तर दोन संशयित आधी पकडा: वेबसाइटवरचं सुरक्षा प्लगिन किंवा स्वस्त होस्टिंगची फायरवॉल, जी गेटवेचा निरोप आगंतुक समजून अडवते, आणि साइट नव्या डोमेनवर नेल्यावर जुनाच राहिलेला वेबहूकचा पत्ता. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहूकची नोंद असते, निरोप गेला की अडला ते तिथे दिसतं.

आणखी एक भानगड वूकॉमर्समध्येच आहे. साठा मोजण्याची सोय चालू असेल तर पैसे न आलेली ऑर्डर तो ठरावीक वेळाने आपोआप रद्द करतो. मुळात ही वेळ ६० मिनिटं ठेवलेली असते. बँकेकडून होकार कधी कधी त्यानंतर येतो. मग पैसे आले आणि ऑर्डर रद्द, असा प्रकार होतो. वेळ वाढवा, आणि रोज एकदा गेटवेचं डॅशबोर्ड उघडून आलेले पैसे आणि पक्क्या ऑर्डरी शेजारी ठेवून बघा. चहा होईपर्यंत होणारं काम आहे.

काही गेटवेत पैसे 'मंजूर' आणि 'जमा' अशा दोन टप्प्यांत येतात. दुसरा टप्पा आपोआप होईल असं सेटिंग केलं नसेल तर मंजूर झालेले पैसे काही दिवसांनी ग्राहकाकडे परत जातात. तोवर माल पाठवलेला असतो.

आणि पैसे कटले पण गेटवेपर्यंत पोचलेच नाहीत, तर? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. ग्राहकाला चिडून सांगू नका की 'आमच्याकडे आलेच नाहीत'. त्याला व्यवहार क्रमांक विचारा, तो गेटवेत शोधा आणि हा ५ दिवसांचा नियम सांगा. तरी पैसे आले नाहीत तर त्याने आधी स्वतःच्या बँकेत लेखी तक्रार करायची, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ते ऑनलाइन होतं. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जायची गरज नाही.

सुरू करण्याआधी काय तपासावं?

टेस्ट मोडमध्ये खोट्या कार्डाने ऑर्डर करून झाली की लाइव्ह करा आणि स्वतःच्या खऱ्या पैशाने दहा रुपयांची वस्तू घ्या. मग मुद्दाम खोड्या काढा: पिन टाकल्यावर ब्राउझर बंद करा, मागे जा, दोनदा बटण दाबा, पैसे न भरता निघून जा. प्रत्येक वेळी ऑर्डरची अवस्था काय दिसते ते बघा.

ग्राहक इन्स्टाग्रामवरून येत असतील तर इन्स्टाग्रामच्या आतच लिंक उघडून बघा. त्या आतल्या ब्राउझरमधून यूपीआय ॲप बऱ्याचदा उघडतच नाही आणि ग्राहक पांढऱ्या पानाकडे बघत बसतो. तिथे 'क्रोममध्ये उघडा' अशी ठळक सूचना ठेवा. काही गेटवेंच्या पानावर भाषा मराठी करता येते, तेही करून बघा. आईला किंवा सासूबाईंना फोन हातात देऊन ऑर्डर करायला सांगा आणि स्वतः गप्प बसा.

ग्राहकाचं कार्ड आमच्याकडे साठवलं जातं का?

नाही, आणि साठवायचंही नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर ठेवता येत नाही. त्याजागी टोकन (खऱ्या नंबराऐवजीचा कोड) असतं आणि ते गेटवे व कार्ड नेटवर्क सांभाळतात. फोनवर कार्ड नंबर घेऊन वहीत लिहिण्याची सवय असेल तर ती वही फाडा.

पैसे खात्यात कधी येतात?

साधारण एक ते दोन कामकाजाच्या दिवसांत. रविवार, दुसरा-चौथा शनिवार आणि बँकेच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. दिवाळीत हे टोचतं. फराळाच्या ऑर्डरी धो-धो येतात, सुट्ट्याही तेव्हाच असतात, आणि इतवारीतल्या किराणा व्यापाऱ्याला पैसे आज हवे असतात. लगेच पैसे देण्याची सोय गेटवे वेगळी फी घेऊन देतात. त्यापेक्षा दिवाळीपुरती व्यापाऱ्याशी आठ दिवसांची उधारी आधीच बोलून ठेवा, ती स्वस्त पडते.

नव्या खात्यावर अचानक मोठी उलाढाल झाली की गेटवे पैसे रोखून बिलं मागतो. सणाच्या आधी त्यांना लेखी कळवून ठेवा की या काळात विक्री वाढणार आहे.

ग्राहकाला पैसे परत द्यायचे असतील तर?

गेटवेच्या डॅशबोर्डवरूनच द्या, म्हणजे ज्या खात्यातून आले तिथेच जातात. 'माझ्या दुसऱ्या नंबरवर जीपे करा' असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. नंतर त्याने बँकेकडे वाद घातला तर मूळ पैसेही परत जातात आणि तुमचे दोनदा जातात. कार्डावर परतावा दिसायला आठवडाभर लागू शकतो, ते आधीच सांगा. गेटवेने कापलेली फी बहुतेक वेळा परत मिळत नाही.

चार्जबॅक म्हणून ईमेल आला आहे. घाबरायचं का?

घाबरू नका, पण मुदत पाळा. ग्राहकाने बँकेला सांगितलं आहे की 'हा व्यवहार माझा नाही' किंवा 'माल मिळाला नाही'. तुम्ही बिल, कुरिअरचा नंबर, माल पोचल्याची नोंद आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं गेटवेला पाठवायचं. मुदत चुकली की पैसे गेले. बरेचदा कारण साधं असतं: बँकेच्या स्टेटमेंटवर दुकानाचं नाव न येता मालकाचं किंवा भलतंच नाव येतं आणि ग्राहक ओळखत नाही. गेटवेच्या सेटिंगमध्ये ते नाव दुकानाचंच करून घ्या.

संत्र्याच्या पेट्यांची आगाऊ बुकिंग घेता येईल का?

घेता येते, पण बहार झाडावर असताना पूर्ण पैसे घेऊ नका. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाची फेब्रुवारीनंतर बाजारात येतात. मध्ये गारपीट झाली की तारीख हुकते. पैसे घेऊन दोन महिने माल न देणारं दुकान गेटवेच्या लेखी जोखमीचं असतं, आणि ग्राहकाचे दोन फोन उचलले नाहीत तर तिसरा थेट त्याच्या बँकेत जातो. कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवायची म्हणाल तर तीही थोडेच दिवस राहते. सरळ मार्ग असा: नाव-नंबर फुकट नोंदवून घ्या, तोडणी ठरली की पेमेंट लिंक पाठवा आणि दोन दिवसांत पैसे भरणाऱ्याची पेटी पक्की करा. लिंकलाही ऑर्डर नंबर असतो, त्यामुळे हिशेब जुळतो. खराब फळांचा परतावा कसा देणार तेही लिंकसोबतच लिहा.

गेटवे आला. आता कॅश ऑन डिलिव्हरी बंद करू?

शहरात चालू ठेवा, बाहेर हळूहळू कमी करा. नागपुरात तुमचाच मुलगा पेटी पोचवत असेल तर दारात क्यूआर दाखवून पैसे घेता येतात. बाहेरगावी मात्र 'नको आता' म्हणून पार्सल परत आलं की जाण्या-येण्याचं कुरिअर तुमच्या अंगावर. कुरिअरपुरते पैसे आधी ऑनलाइन आणि उरलेले दारात, हा मधला रस्ता बरा.

अमेरिकेतला भाचा तिथल्या कार्डाने आजीसाठी इथे फराळ मागवेल का?

परदेशी कार्ड चालू करण्यासाठी गेटवेकडे वेगळी परवानगी मागावी लागते, फीही जास्त. माल नागपुरातच पोचवायचा असेल तर त्रास एवढाच. तिकडे माल पाठवायचा तर ती निर्यात. आयईसी (आयात-निर्यातीचा) क्रमांक आणि सीमाशुल्क आलं. सुरुवातीला भाच्याला सांगा, इथल्या एखाद्या खात्यावरून भर.

'गेटवेतून बोलतोय, केवायसी अपडेट करायची आहे' असा फोन आला.

ठेवून द्या. गेटवे फोनवर ओटीपी मागत नाही आणि स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावत नाही. तसाच दुसरा फोन: 'कामठी छावणीतून बोलतोय, पन्नास किलो मसाला पाहिजे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

हिशेबात कोणती रक्कम लिहायची, आलेली की विकलेली?

विकलेली. खात्यात ९७६ रुपये ४० पैसे आले तरी विक्री १,००० चीच आणि जीएसटीही त्यावरच. २० रुपये फी हा खर्च. नेहमीच्या पद्धतीची जीएसटी नोंदणी असेल तर वरच्या ३ रुपये ६० पैशांचं क्रेडिट मिळतं, पण त्यासाठी तुमचा जीएसटी नंबर गेटवेकडे नोंदलेला पाहिजे. गेटवे दिवसाच्या सगळ्या ऑर्डरींचे पैसे एकत्र टाकतो, म्हणून बँकेत एकच आकडा दिसतो. त्यात कोणत्या ऑर्डरी आहेत ते सेटलमेंट रिपोर्टमध्ये असतं. दर महिन्याला तो रिपोर्ट आणि फीचं बिल उतरवून सीएला पाठवा. मार्चमध्ये बारा महिन्यांचं एकदम पाठवलं तर तोही वैतागतो.

गेटवे आवडला नाही तर बदलता येतो?

येतो. नवा जोडा, त्यावर खरी ऑर्डर करून बघा, मग जुना चेकआऊटवरून काढा. पण जुनं खातं लगेच बंद करू नका. जुन्या ऑर्डरींचे परतावे तिथूनच द्यावे लागतात आणि चार्जबॅक महिन्यांनंतरही येऊ शकतो. त्या खात्यावर नोंदवलेला ईमेल चालू ठेवा आणि सगळे रिपोर्ट आधी उतरवून घ्या, कारण खातं बंद झाल्यावर डॅशबोर्ड उघडत नाही.